रानात किती आत जाता येतं? मुलांसाठी कोड्यांची रानवाट कशी आखावी

माणूस रानात जास्तीत जास्त किती आत जाऊ शकतो? निम्म्यापर्यंत. त्यापुढे तो आत जात नसतो, बाहेर येत असतो.

हे कोडं मुलांना घरी बसून घातलं तर दोन मिनिटं हसून संपतं. तेच रानाच्या तोंडाशी उभं राहून घातलं तर मुलं वळून मागे बघतात, पुढे बघतात आणि विचारतात, "मग निम्मं कुठं येतं?" तिथून सगळी वाट मोजण्याची, बघण्याची आणि ओळखण्याची होते. त्या प्रश्नाभोवती ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी सह्याद्रीतल्या पानझडी किंवा निमसदाहरित रानात अर्ध्या दिवसाची कोड्यांची वाट कशी उभी करायची, ते इथं सांगितलं आहे.

वाट निवडणं

एका बाजूनं १ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन २ किलोमीटर, एवढी वाट पुरे. मोठ्यांना हे अंतर फारच थोडं वाटतं आणि मग हटकून ३-४ किलोमीटरची वाट धरली जाते. परिणाम ठरलेला: शेवटची कोडी धावतपळत उरकली जातात, मुलं वर बघायची सोडून पायाकडे बघत चालतात. कोड्यांच्या वाटेवर थांबण्याला महत्त्व आहे, अंतराला नाही.

वाट मळलेली हवी, एकेरी असली तरी चालेल. दोन्ही बाजूंना हात पसरण्याइतकी मोकळी जागा दर शंभर-सव्वाशे मीटरवर तरी मिळावी, कारण कोडं सोडवताना १२-१५ मुलं घोळक्यानं उभी राहणार. कड्याकाठची, ओढ्यातून जाणारी किंवा कपारीखालची वाट नको. कपारीला आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर ती वाट त्या मोसमापुरती सोडूनच द्यावी.

राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य किंवा राखीव वन असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी अर्ज द्या. मुलांची संख्या, सोबतची मोठी माणसं, वाट आणि वेळ त्यात लिहा. संरक्षित क्षेत्रात फूल-पान तोडता येत नाही, म्हणून सगळी कोडी खाली पडलेल्या पानाफळांवर किंवा नुसत्या बघण्यावर सुटतील अशीच रचायची. गावच्या देवराईत जायचं असेल तर गुरवांना किंवा गावातल्या जाणत्यांना विचारा. बऱ्याच देवरायांत वाळकी काटकीसुद्धा उचलत नाहीत, काही ठिकाणी आत चपला चालत नाहीत. जंगल म्हणून जिथं काहीच उरलेलं नाही अशा गावांजवळही देवराई टिकून असते आणि एक-दीड एकरात आठ कोड्यांचा ऐवज सहज सापडतो.

वेळेचं गणित आधी, कोडी नंतर

सकाळी साडेसातला सुरुवात आणि साडेदहाला परत, असे ३ तास धरा. लहान मुलांची रानातली चाल ताशी २ किलोमीटर धरावी. जाताना १ किलोमीटरला ३० मिनिटं. आठ कोडी, प्रत्येकी ६ मिनिटं, म्हणजे ४८. खाऊ-पाण्याला २०. परतताना थांबायचं नाही, म्हणून ३० मिनिटं. बेरीज १२८ मिनिटं. उरलेली ५२ मिनिटं राखीव, त्यांना हात लावायचा नाही.

इथंच सुरुवातीच्या कोड्याची दुसरी बाजू मुलांना कळते. कागदावर निम्मं म्हणजे वेळेचा अर्धा भाग, पण रानात वेळ निम्मी संपेपर्यंत पुढे जात राहिलं तर चुकलेली वाट, मुरगळलेला पाय, भरून आलेलं आभाळ यांच्यासाठी हातात काहीच उरत नाही. त्यामुळे मोठ्या वाटांवर वेळेचे आणि पाण्याचे तीन वाटे करतात: एक जायला, एक यायला, एक अडीअडचणीला. आपल्या वाटेवर परतीच्या प्रवासात कोडी नाहीत, म्हणून थोडं जास्त आत जाता येतं, तरीही परतीची वेळ आधीच ठरवून मुलांना सांगून ठेवा: सव्वानऊला जिथं असू तिथून मागे. दोन कोडी राहिली तरी राहू द्या.

वाट आधी उतरत असेल तर गणित बदलतं. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये डोंगरवाटेचा एक सोपा हिशेब मांडला, तो आजही वापरतात: ताशी साधारण ५ किलोमीटर चाल आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १०० मीटर चढाला मोठ्या माणसाची १० मिनिटं जास्त. मुलांसाठी ती २० धरा. दरीत उतरून परत चढायचं असेल तर ही २० मिनिटं परतीच्या खात्यात घाला आणि तेवढी कोडी कमी करा.

रानाची पाहणी

वाटेवर आधी दोनदा जाऊन यायचं. पहिली खेप महिनाभर आधी, दुसरी फार तर तीन दिवस आधी. पहिल्या खेपेत काय काय आहे ते टिपायचं, दुसऱ्या खेपेत त्यातलं काय टिकलंय ते बघायचं. दुसरी खेप चुकवली की बहुतेक कोडी तिथंच फसतात: फुलं गळून गेलेली असतात, वारुळावर गाय बसून गेलेली असते, वाटेवरचं झाड वादळात आडवं झालेलं असतं.

मोसमाप्रमाणे हाताशी काय असतं? पावसाळ्याच्या अखेरीस सागाची पानं किड्यांनी खाऊन नुसती जाळी उरलेली दिसतात. थंडीत कांडोळ पानं टाकून पांढराफटक उभा असतो, बऱ्याच ठिकाणी त्याला भुत्या म्हणतात ते त्यामुळेच. जानेवारी ते मार्चमध्ये काटेसावर, पांगारा आणि पळस फुलतात. एप्रिल-मे हा करवंदांचा आणि बहाव्याचा काळ; तामणही याच सुमाराला फुलतो आणि तो महाराष्ट्राचा राज्यवृक्ष की राज्यपुष्प यावर मुलांची छान जुंपते (राज्यपुष्प; राज्यवृक्ष आंबा). ऐन, उंबर, वारूळ, पायवाट, सावली ही बारमाही मंडळी आहेत. आठातली निदान पाच कोडी बारमाही गोष्टींवर ठेवा, म्हणजे मोसमानं दगा दिला तरी वाट मोडत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सोयीचा काळ. भर पावसात शेवाळलेल्या दगडांवर मुलांचं लक्ष कोड्यात ठेवणं धोक्याचं, आणि एप्रिल-मेमध्ये नऊनंतर ऊन सोसवत नाही. तेव्हा सुरुवात एक तास अलीकडे आणा.

कोडं रचणं

आपल्याकडे कोड्याची घडण तयार आहे, ती बाहेरून आणायला नको. 'आटंगण पटांगण लाल लाल रान, बत्तीस पिंपळांना एकच पान' यात काय केलंय ते बघा: तोंड, दात आणि जीभ यांना रान, पिंपळ आणि पान केलं, आकडा खरा ठेवला आणि नाव गाळलं. 'सूपभर लाह्या, त्यात एक रुपया' हे चांदण्यांचं कोडंही तसंच. दोन ओळी, एक रूपक, एक खरी खूण, आणि जिभेवर बसणारं यमक. कोकणातल्या आजी ज्याला हुमाण म्हणतात तेही याच ठशाचं असतं.

रानातल्या कोड्याला मात्र एक जास्तीची अट आहे. घरातलं कोडं डोक्यात सुटतं, रानातलं डोळ्यांनी सुटलं पाहिजे. म्हणून प्रत्येक कोड्यात दोन खुणा हव्यात: एक लांबून नजर वेधणारी, दुसरी जवळ जाऊन खात्री करून देणारी. एकाच खुणेवर रचलेलं कोडं रानात हमखास फुटतं. पळसाचंच बघा. 'पळसाला पानं तीन' सगळ्यांना पाठ. पण तीन-तीन दलांचं पान पांगाऱ्यालाही असतं, बेलालाही असतं आणि खाजकुहिलीच्या वेलालाही असतं. नुसतं 'तीन पानं कोणाची?' विचारलं तर मुलं पांगारा दाखवतील, आणि ते बरोबरच असेल. वाईट म्हणजे एखादं पोर खाजकुहिलीच्या वेलाला हात घालेल. म्हणून:

*तीन भावंडं एका देठी, काटा अंगाला नाही;*
*फाल्गुनात लागते आग, पण काडी जळत नाही.*

काटा नाही म्हटल्यावर पांगारा आणि बेल बाद होतात. आग म्हणजे केशरी फुलं. फुलं नसली तरी जाड, चामड्यासारखं, पत्रावळीला चालेल असं पान हाताला लागतं आणि खात्री पटते.

रचताना असं करा. गोष्टीसमोर उभं राहून तिच्या सहा-सात खुणा लिहा: रंग, पोत, वास, आवाज, आकडा, मोसम, तिच्यावर राहणारे जीव. त्यातल्या एकमेकींशी भांडणाऱ्या दोन शोधा. हिरवं असून लाल, फळ असून फूल नाही, पाय नसून प्रवास. हे भांडण म्हणजेच कोडं. मग यमक. यमकासाठी खूण खोटी करू नका. यमक जुळत नसेल तर मोडकं राहू द्या, पण ऐनाची साल गुळगुळीत म्हणू नका.

ऐनाचं कोडं:

*अंगावर मगरीचं कातडं, पण पाण्यात कधी पोहत नाही;*
*एका जागी उभा जन्मभर, कुणाला कधी चावत नाही.*

लांबून दिसणारी खूण म्हणजे चौकोनी भेगाळलेली काळी साल. खात्रीसाठी खाली पडलेलं पान उलटं करून देठाजवळ मधल्या शिरेवरच्या बारीक गाठी शोधायला लावा. अर्जुनाच्या पानालाही गाठी असतात, पण त्याची साल फिकट आणि गुळगुळीत. दोन्ही झाडं जवळ असतील तर कोडं आणखी रंगतं.

उंबराचं:

*फूल कुणी पाहिलं नाही, फळं अंगभर लागली;*
*दार टाचणीएवढं ठेवलं, पाहुणी आत शिरली.*

खाली पडलेलं उंबर उघडून दाखवा. आत भिंतीला चिकटलेले बारीक कण हीच फुलं, आणि टोकाच्या छिद्रातून शिरणारी चिमुकली गांधीलमाशी ही पाहुणी. 'उंबराचं फूल' हा शब्द मुलांनी ऐकलेला असतो, तो कुठून आला ते इथं हातात दिसतं.

वारुळाचं:

*लाखो जणांनी थुंकी लावून मातीचा वाडा बांधला;*
*हातपाय नसलेला पाहुणा भाड्यावाचून नांदला.*

बहुतेक मुलं वारूळ मुंग्यांचं किंवा नागाचं समजतात. बांधणारी वाळवी. हे कोडं वारुळापासून किमान चार मीटरवर उभं राहून सोडवायचं, आणि भोकात काडी घालायची नाही हे कोडं वाचण्याआधीच सांगायचं.

सागाचं पावसाळ्याच्या अखेरीस चालतं:

*हिरवं माझं अंग, चोळलं की लाल;*
*जाळी उरली पानाची, कुणी नेली शाल?*

कोवळं पान तळहातावर चोळलं की लाल रंग उतरतो. अभयारण्यात मात्र पान तोडायचं नाही, तिथं फक्त जाळीवर भागवा.

भीमाशंकरसारख्या शेकरूच्या रानात हे जमतं:

*घरं बांधली चार-पाच, उंच उंच शेंड्यावर;*
*पक्षी म्हणाल तर पंख नाहीत, शेपूट मात्र हातभर.*

एकच शेकरू काटक्या-पानांची अनेक घरटी बांधतं, ती पानझडीत खालूनही दिसतात. शेकरू दिसलंच पाहिजे असं कोडं रचू नका, घरटं दिसेल असं रचा. प्राण्याच्या हजेरीवर अवलंबून असलेलं कोडं दहात आठ वेळा ओसाड पडतं.

आणि खास चालण्याची दोन. पायवाटेचं: *जागची हलत नाही, तरी गावाला जाते, जितकी तुडवाल तितकी उजळ होत राहते.* पावलाचं: *पुढे टाकलं तरी मागेच राहतं.* ही सोपी आहेत, म्हणून सुरुवातीला ठेवा. पहिलं कोडं प्रत्येक मुलाला सुटलंच पाहिजे.

करवंदाच्या मोसमात कोड्याऐवजी 'कोंबडा की कोंबडी' खेळा. करवंद फोडायच्या आधी अंदाज सांगायचा; आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. गावातल्या मुलांना हा खेळ शिकवावा लागत नाही, शहरातल्यांना त्यांच्याकडूनच शिकू द्या.

कोडी तयार झाली की दोन मुलांवर घरी तपासून बघा. वाक्य एकदा वाचून कळलं पाहिजे. शब्द अडला तर तो शब्द बदला, मुलांना त्याचा अर्थ सांगत बसू नका.

चिठ्ठी कुठं ठेवायची

पोस्टकार्डाएवढा जाड कागद, अक्षरं एक सेंटिमीटर उंच, गडद शाईनं. प्लॅस्टिकचं आवरण नको. झाडाला खिळा, टाचणी, चिकटपट्टी काही लावायचं नाही. सुती दोऱ्यानं सैल गाठ मारून फांदीला अडकवा. ज्या रानात माकडं-वानरं आहेत तिथं चिठ्ठ्या लटकवूच नका, ती तासाभरात त्या पळवतात. म्होरक्यानं त्या खिशात ठेवून जागेवर वाचाव्यात.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे चिठ्ठी उत्तरावरच लावणं. ऐनाच्या बुंध्यावर ऐनाचं कोडं लावलं की मुलं कोडं वाचतच नाहीत. चिठ्ठी उत्तरापासून ५-६ मीटर अलीकडे लावा, आणि तिथून उत्तर होऊ शकतील अशा निदान तीन गोष्टी दिसाव्यात. एक खरी, दोन फसव्या. मगरीच्या कातड्याचं कोडं वाचून मुलानं आंब्याची साल, मग कुंभ्याची साल आणि मग ऐनाची साल हातानं चाचपली, तर त्याला तीन झाडं कळली. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

चालताना

१२ ते १५ मुलांना तीन मोठी माणसं: एक पुढे, एक मध्ये, एक शेवटी. शेवटचं माणूस कधीही पुढे जायचं नाही आणि त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. चार-पाच मुलांचे गट करा, प्रत्येकात एक मोठं मूल. पूर्ण बाह्यांचे कपडे, लांब पँट, बूट. प्रत्येकाकडे एक लिटर पाणी.

ज्याला उत्तर सुचलं त्यानं ओरडायचं नाही. म्होरक्याच्या कानात सांगायचं, बरोबर असेल तर त्यानं हात डोक्यावर ठेवायचा. हा नियम पाळला तर सावकाश विचार करणाऱ्या मुलांना संधी मिळते. नाही पाळला तर आठही कोडी दोनच मुलं सोडवतात आणि बाकीची पाचव्या कोड्यापासून दगड मारत चालतात. दोन मिनिटं झाली की पहिला इशारा द्या, चार मिनिटांनी दुसरा, सहा मिनिटांनी उत्तर दाखवून पुढे. ताटकळत ठेवू नका.

झाडाचं नाव मुलांनी गावच्या बोलीतलं सांगितलं तर ते बरोबरच धरा. कांडोळाला भुत्या म्हणणारं पोर चुकलेलं नाही.

निम्मं मोजायचं कसं

आता सुरुवातीचा प्रश्न. निघण्यापूर्वी मैदानात १० मीटरची दोरी पाच वेळा टाकून ५० मीटर आखा आणि प्रत्येक मुलाला आपली दुहेरी पावलं मोजायला लावा: डावं पाऊल पडलं की एक. मोठ्या माणसाची १०० मीटरला ६०-६५ दुहेरी पावलं होतात, मुलांची त्याहून बरीच जास्त. प्रत्येकानं आपला आकडा दुप्पट करून, म्हणजे १०० मीटरचा करून, हातावर लिहून ठेवायचा. वाटेवर दर १०० मीटरला एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. दहावा खडा सरकला की १ किलोमीटर, तेच आपलं निम्मं.

परतीला पुन्हा मोजायला लावा. आकडे जुळत नाहीत. चढावर पाऊल तोकडं पडतं, उतारावर लांब, दमल्यावर पुन्हा तोकडं. 'जाताना ८०० आणि येताना ८७०, मग वाट वाढली का?' हे कोडं तुम्हाला घालावंच लागत नाही, मुलंच घालतात.

मुलं आणखी दोन शंका काढतात. 'दुसऱ्या बाजूनं बाहेर पडलो तर?' उत्तर तेच, निम्म्यानंतर बाहेर. 'तिरकं शिरलो तर?' इथं काठीनं मातीत एक गोल काढा, त्यात मधून जाणारी एक रेघ आणि कडेनं जाणारी एक. दोन्ही रेघांना आपापलं निम्मं आहे, पण कडेच्या रेघेवरून चालणारा रानाच्या मध्यापर्यंत कधी पोचतच नाही. दहा वर्षांच्या मुलाला हे बोलून कळत नाही, रेघ बघून लगेच कळतं.

तिसरी शंका चकव्याची. सरळ चालतोय असं वाटतं आणि फिरून त्याच झाडाशी येतो, याला आपल्याकडे चकवा लागला म्हणतात. जर्मनीतल्या टुबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत यान साउमान आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं, ते २००९ मध्ये प्रसिद्ध झालं: जंगलात सूर्य दिसत असताना माणसं बऱ्यापैकी सरळ चालली, आभाळ भरलेलं असताना गोल फिरली, आणि तसं होतंय हे त्यांना कळलंही नाही. हे मोकळ्या मैदानात करून बघा, रानात नव्हे. डोळ्यांवर पट्टी, ५० मीटरवरच्या माणसाच्या दिशेनं तोंड, आणि पावलांमागे फक्कीची रेघ. बाजूनं एक मोठं माणूस चालत राहील. पट्टी काढल्यावर आपली वाकडी रेघ बघितलेलं मूल रानात मळलेली वाट सोडत नाही.

आधी ठरवून ठेवायच्या गोष्टी

खाजकुहिलीच्या शेंगांची लव लागली तर खाजवू किंवा घासू नका. चिकटपट्टी लावून केस उचला, मग भरपूर पाण्यानं धुवा. म्हणून चिकटपट्टी पिशवीत हवीच. अत्तर, सेंट, धूर मोहोळाच्या आसपास नको. साप चावला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करू नका. मुलाला आडवं ठेवून, चावलेला भाग हलू न देता उचलून न्या आणि १०८ ला फोन करा. जवळचं कोणतं रुग्णालय प्रतिविष ठेवतं हे आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवायचं. वन्यप्राण्याची अडचण असेल तर वनविभागाचा १९२६. वाटेवर फोनला कुठं कुठं रेंज येते, ते पाहणीच्या खेपेत नकाशावर खुणा करून ठेवा.

परतल्यावर चिठ्ठ्या मोजून घ्या. आठ लावल्या तर आठ परत. कुठल्या कोड्याला सहा मिनिटं पुरली नाहीत आणि कुठलं अर्ध्या मिनिटात सुटलं, ते त्याच दिवशी वहीत तारखेसह लिहा. फुलांचं काय दिसलं तेही लिहा. अर्ध्या मिनिटात सुटलेल्या कोड्यातली लांबून दिसणारी खूण बदलून जरा अवघड करा आणि तेच कोडं पुढच्या मोसमात पुन्हा लावा.